मर रोगाला कपाशी आतून कशी अडवते?

प्रश्न असा आला आहे: "एकाच वावरात काही पऱ्हाटी मर लागून वाळते आणि शेजारची हिरवीगार उभी राहते. प्रतिकारक झाडात रेणूंच्या पातळीवर असं काय असतं जे दुसऱ्यात नसतं? ते जनुक सापडलं असेल तर बीटीसारखं बियाण्यात का टाकत नाहीत?"

गैरसमज प्रश्नाच्या शेवटच्या वाक्यात आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. बीटी कपाशीत जमिनीतल्या एका जिवाणूचं जनुक घातलेलं असतं. त्यातून तयार होणारं प्रथिन बोंडअळीच्या आतड्यात जाऊन काम करतं. हिशोब सरळ: प्रथिन पोटात गेलं की अळी मेली. (गुलाबी बोंडअळीने पुढे हाही हिशोब मोडला, पण तो विषय वेगळा.) त्या प्रथिनाचा बुरशीशी काही संबंध नाही, त्यामुळे बीटी आहे म्हणून मर लागणार नाही किंवा बीटीमुळेच मर लागते, ही दोन्ही बोलणी चुकीची. मर रोगात एका जनुकाने काम भागत नाही, कारण मर लागून वाळणाऱ्या झाडाकडेही जवळजवळ सगळी शस्त्रं असतात. ती किती वेळात आणि नेमकी कुठे निघतात, यावर झाड जगतं किंवा वाळतं. मला हे पुस्तकापेक्षा जास्त सूक्ष्मदर्शकाने शिकवलं. ते पुढे येईल.

त्याआधी, तुमच्या वावरात आहे ती मर कोणती? आपल्याकडे तीन वेगळ्या गोष्टींना हे एकच नाव आहे. पहिली फ्युझेरियम ऑक्झिस्पोरम या बुरशीची. दुसरी व्हर्टिसिलियम डाहली या बुरशीची. तिसरी 'आकस्मिक मर', जिच्यात बुरशी नसतेच. लांब उघाडीनंतर धो-धो पाऊस पडला, किंवा तापलेल्या जमिनीला भरपूर पाणी दिलं, की एक-दोन दिवसांत झाड मान टाकतं. मुळांना हवा मिळत नाही, झाडात इथिलीन हे संप्रेरक वाढतं आणि पानं लोंबतात. म्हणूनच या मरीवर सुरुवातीच्या काही तासांत कोबाल्ट क्लोराइडची अगदी पातळ फवारणी सांगतात: कोबाल्टमुळे इथिलीन तयार होण्याची शेवटची पायरी अडते. आणि म्हणूनच ही मर बहुतेक वेळा वावरातल्या सगळ्यात भरदार, बोंडांनी लदलेल्या झाडांवर येते. शेतकरी म्हणतात, "चांगलं चांगलंच नेतं." खरं आहे. पाण्याची गरज त्याच झाडांना जास्त असते.

ओळखायची रीत सोपी आहे. वाळत असलेलं झाड उपटा आणि खोड बुडापासून उभं चिरा. आत सालीखाली तपकिरी-काळसर रेघा दिसल्या तर बुरशी. खोड आतून पांढरंस्वच्छ असेल तर आकस्मिक मर. त्यात झाड प्रतिकारक आहे की नाही हा प्रश्नच येत नाही.

आणखी एक. तुम्ही संकरित वाण लावला असेल तर वावरातलं प्रत्येक झाड जनुकांनी जवळपास सारखंच आहे. एक वाळलं आणि शेजारचं उभं राहिलं याचं कारण जनुकांत शोधू नका. ते मुळाखालच्या बीजाणूंच्या संख्येत, सूत्रकृमींत (मुळांत शिरणारे सूक्ष्म जंत) किंवा साचलेल्या पाण्यात असतं. "वाचलेल्या झाडाची सरकी पुढच्या वर्षी लावू" हा विचार संकरित वाणात फसतो. देशी कपाशीत किंवा सरळ वाणात मात्र याच विचाराने मोठं काम झालं आहे. अमेरिकेत दक्षिण कॅरोलायनातल्या जेम्स आयलंडवर विल्यम ऑर्टन या कृषी शास्त्रज्ञाने १८९९-१९०० च्या सुमारास हेच केलं. मर लागून उजाड झालेल्या वावरात जी झाडं तग धरून उभी होती, त्यांच्या सरकीतून प्रतिकारक वाण उभे केले. आपल्याकडे मध्य प्रांतात अजरेकर आणि बाळ यांनी १९२१ मध्ये, आणि मुंबई इलाख्यात कुलकर्णी यांनी १९३४ मध्ये या रोगाचा अभ्यास मांडला. पुढे खानदेशात 'जरीला' हा देशी वाण मर सोसणारा म्हणून नावाजला. या सगळ्यांना रेणूंबद्दल काही ठाऊक नव्हतं. वाळतं कोण आणि उभं राहतं कोण, एवढंच ते बघत होते, आणि निवड अचूक होती.

आता मूळ प्रश्न. बुरशी जमिनीत वर्षानुवर्षं जाड कवचाच्या बीजाणूंच्या रूपात पडून राहते. जवळून कपाशीचं मूळ वाढत गेलं की मुळातून पाझरणाऱ्या साखरांनी तिला जाग येते. मुळाचं कोवळं टोक आणि नव्या मुळ्या फुटतात तिथल्या भेगा ही तिची दारं. सालीतून आत शिरत ती जलवाहिन्यांपर्यंत पोचते आणि खरी गोष्ट तिथे सुरू होते. जलवाहिनी ही मेलेल्या पेशींची नळी असते. तिच्यात केंद्रक नाही, जनुकं नाहीत, त्यामुळे तिला स्वतःचा बचाव करता येत नाही. बुरशीने एकदा आत बीजाणू सोडले की ते पाण्याबरोबर वर वाहतात, नळीच्या जोडावर अडकतात, तिथे रुजतात, पलीकडे धागा काढतात आणि पुन्हा बीजाणू सोडतात. नळीच्या कडेने जिवंत पेशींची एक पातळ ओळ असते. झाडाला जे काही करायचं ते या पेशींकडूनच करून घ्यावं लागतं, आणि बीजाणू पुढच्या जोडावर पोचायच्या आत.

शत्रू आल्याचं या पेशींना कसं कळतं? बुरशीच्या कवचात कायटीन असतं. किड्यांच्या पाठीचं कवच ज्याचं असतं, तेच. झाडात कायटीन नसतं, त्यामुळे त्याचे तुकडे दिसले म्हणजे परका आला, इतकं हे सरळ आहे. पेशीच्या बाह्य पडद्यावर हे तुकडे पकडणारी ग्राही प्रथिनं बसलेली असतात. तुकडा चिकटला की काही मिनिटांत पेशीत कॅल्शियम शिरतं, हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे तिखट ऑक्सिजन-रेणू सुटतात, आणि एकामागून एक प्रथिनांवर फॉस्फेट चढवत निरोप केंद्रकापर्यंत जातो. तिथे नियामक प्रथिनं डीएनएवर बसतात आणि बचावाची शेकडो जनुकं चालू होतात. यांपैकी एखादी महत्त्वाची कडी प्रयोगात मुद्दाम बंद केली तर प्रतिकारक झाडही मर लागून वाळू शकतं.

हा निरोप पोचल्यावर चार-पाच गोष्टी एकदम होतात. कपाशीची म्हणावी अशी त्यातली एक आहे, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. ती म्हणजे गॉसिपॉल. सरकीतला विषारी पदार्थ म्हणून तुम्ही हे नाव ऐकलं असेल. सरकीचं कच्चं तेल म्हणूनच शुद्ध करावं लागतं आणि कोंबड्या-डुकरांना सरकीची पेंड जपून द्यावी लागते. पानांवर, बोंडावर जे बारीक काळे ठिपके दिसतात त्या ग्रंथी, आणि त्यांत हेच भरलेलं असतं. पण मर रोगाशी लढणारा माल ग्रंथीत साठवलेला नसतो. हल्ला झाल्यावर तो जलवाहिनीच्या कडेच्या पेशींत ताजा बनतो.

तो बनवायची वाट अशी. प्रत्येक झाडात फार्नेसिल डायफॉस्फेट नावाचा पंधरा कार्बनांचा एक साधा रेणू असतो. डेल्टा-कॅडिनिन सिंथेज हे विकर (एन्झाइम) त्याला वाकवून दोन वलयांचा डेल्टा-कॅडिनिन बनवतं. कपाशीच्या मरविरोधी रसायनशास्त्राचा हा उंबरठा. पुढे सायटोक्रोम गटातली विकरं एक-एक करून त्यावर ऑक्सिजन चढवतात आणि डिऑक्सिहेमिगॉसिपॉल, मग हेमिगॉसिपॉल तयार होतं. हेमिगॉसिपॉलचे दोन रेणू जोडले की गॉसिपॉल. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या बेल, मेस आणि स्टिपानोव्हिक यांनी टेक्सासात अनेक वर्षं यावर काम केलं. त्यातून निघालं की व्हर्टिसिलियमला मारण्यात शेवटचं गॉसिपॉल मागे पडतं. वाटेतलं डिऑक्सिहेमिगॉसिपॉल जास्त जालीम, कारण ते पाण्यात बऱ्यापैकी विरघळतं. जलवाहिनीतल्या शत्रूपर्यंत पोचायला पाण्यातूनच जावं लागतं, तेव्हा विरघळणं हीच तिथे मोठी लायकी.

आता सूक्ष्मदर्शकाची गोष्ट. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी देशी कपाशीच्या दोन वाणांची रोपं, एक मर सोसणारा आणि एक पटकन वाळणारा, बीजाणूंच्या पाण्यात मुळं बुडवून लावली होती. रोज दोन्हीकडची काही रोपं उपटायची, खोडाचे पातेऱ्यासारखे पातळ काप घ्यायचे आणि काचपट्टीवर रंग द्यायचा. लिग्निन बघायला फ्लोरोग्लुसिनॉल आणि हायड्रोक्लोरिक आम्ल. लिग्निन असेल तिथे काप लालगुलाबी होतो. गॉसिपॉलच्या गोतावळ्यासाठी अँटिमनी ट्रायक्लोराइड; तिथे शेंदरी-लाल रंग चढतो. माझी खात्री होती की वाळणाऱ्या वाणाचा काप कोरा राहील. तसं झालं नाही. सोसणाऱ्या वाणात पहिल्या काही दिवसांतच दोन-चार जलवाहिन्यांभोवती लाल कडी उमटली आणि तिथेच थांबली. बाकीचा काप फिका. वाळणाऱ्या वाणात सुरुवातीला काहीच नाही, आणि नंतर, पानं पिवळी पडायला लागल्यावर, जवळजवळ सगळा काप लाल. एकूण माल मोजला असता तर तो वाळणाऱ्या झाडातच जास्त भरला असता. बुरशी तेव्हा पानांपर्यंत पोचलेली होती. घर जळून झाल्यावर विहीर भरून वाहत होती, असं ते दृश्य.

हीच गत नळी बुजवण्याची. कडेच्या जिवंत पेशी भिंतीतल्या बारीक छिद्रांतून जलवाहिनीत फुग्यासारख्या फुगून शिरतात. त्याला टायलोसिस म्हणतात. त्यात डिंकासारखा पदार्थही भरला जातो. दोन-चार नळ्या वेळेत बुजल्या तर बीजाणू तिथेच कोंडले जातात आणि उरलेल्या नळ्यांतून झाड पाणी पीत राहतं. बुजवणं उशिरा आणि सगळीकडे सुरू झालं तर झाड स्वतःच स्वतःचं पाणी तोडतं. फ्युझेरियम तर वर फ्युझॅरिक आम्लासारखी विषंही सोडतं. तेव्हा मर लागून जे वाळणं दिसतं ते काही अंशी बुरशीने केलेलं असतं आणि काही अंशी झाडाच्या उशिरा झालेल्या बचावाने.

लिग्निनबद्दल थोडक्यात. लाकूड ज्याने कडक होतं ते हे. हल्ला झालेल्या जागी पेशीभित्तीत लिग्निन वाढवलं जातं, म्हणजे बुरशीची विकरं ती भिंत सहज विरघळवू शकत नाहीत. लॅकेज नावाची विकरं यात मुख्य. ज्या कपाशीत लॅकेजचं जनुक जास्त चालवलं तिच्यात व्हर्टिसिलियमचा जोर कमी झाला, असे प्रयोग झाले आहेत. सॅलिसिलिक आम्ल आणि जॅस्मोनिक आम्ल ही संप्रेरकं या सगळ्या हालचालींवर ताबा ठेवतात.

आता बुरशीची बाजू, कारण ती गप्प बसून मार खात नाही. झाड कायटिनेज नावाचं विकर बाहेर सोडतं. ते बुरशीचं कायटीनचं कवच तोडतं आणि तुटलेल्या तुकड्यांनी गजर आणखी वाढतो. व्हर्टिसिलियमने यावर उपाय काढला आहे. ती एक प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं कापणारी कात्री, सोडते आणि कपाशीचं कायटिनेज-२८ कापून टाकते. यावर कपाशीचा उतारा चिनी शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये दाखवला. सिस्टीन-समृद्ध असं एक छोटं प्रथिन, नाव सीआरआर-१, कायटिनेजला बिलगतं आणि कात्रीपासून वाचवतं. कवच, कवच फोडणारा, त्याला कापणारा, आणि त्याचा अंगरक्षक. हे सगळं दोन पेशींच्या मधल्या चिंचोळ्या जागेत चालतं.

असंच सॅलिसिलिक आम्लाचं. ते ज्या कच्च्या रेणूपासून बनतं तो रेणूच व्हर्टिसिलियमचं एक विकर झाडाच्या पेशीत घुसून तोडतं. गजराची घंटा वाजण्याआधीच दोरी कापली.

मला स्वतःला यातलं सगळ्यात नवल वाटलं ते २०१६ चं काम. बीजिंगच्या संशोधकांनी रोगट कपाशीतून व्हर्टिसिलियम परत काढली आणि तिच्या आत चक्क कपाशीचे मायक्रोआरएनए सापडले. मायक्रोआरएनए म्हणजे वीस-बावीस अक्षरांचा छोटा आरएनए. तो जुळणाऱ्या निरोपाला, म्हणजे संदेशवाहक आरएनएला, चिकटतो आणि तो निकामी करतो. कपाशीचे एमआयआर-१५९ आणि एमआयआर-१६६ हे दोन मायक्रोआरएनए बुरशीत जाऊन रोगासाठी लागणारी तिची दोन जनुकं दाबत होते. खात्री करायला त्यांनी बुरशीत त्या जनुकांची अक्षरं अशी बदलली की मायक्रोआरएनए चिकटूच नये. ती बुरशी कपाशीवर पहिल्यापेक्षा फार जास्त घातक निघाली. म्हणजे साधी कपाशीसुद्धा रोज शत्रूच्या घरात जाऊन त्याची चूल विझवत असते.

झाड आपल्याच बचावावर लगामही ठेवतं. एमआयआर-४८२ हा कपाशीचा मायक्रोआरएनए स्वतःचीच रोगप्रतिकारक जनुकं दाबून ठेवतो, कारण ती सतत चालू राहिली तर वाढ खुंटते. बुरशी आली की हा मायक्रोआरएनए घटतो आणि लगाम सुटतो. हे २०१३ मध्ये दिसलं. प्रतिकार चोवीस तास चालू ठेवला की उत्पन्न घटतं, हे पैदासकारांनी शेतात फार आधी अनुभवलं होतं.

आता परत तुमच्या प्रश्नाकडे. एखादं ठळक जनुक सापडलंच नाही, असं नाही. २०२१ मध्ये चीनमधल्या फ्युझेरियमच्या सातव्या वंशाविरुद्ध (वंश म्हणजे एकाच बुरशीचा उपप्रकार) अमेरिकन कपाशीत एक मोठं जनुक सापडलं. ते ग्लुटामेट-ग्राहीसारखं प्रथिन बनवतं, पेशीत कॅल्शियम सोडण्याच्या कामाशी संबंधित. प्रतिकारक आणि बळी पडणाऱ्या वाणांत त्या जनुकात डीएनएच्या एका अक्षराचा फरक. आपल्याकडेही केळकर आणि सहकाऱ्यांनी १९४७ मध्ये देशी कपाशीच्या संकरांतून अंदाज बांधला होता की प्रतिकार तीन जनुकांवर चालतो: दोन एकमेकांना पूरक, तिसरं त्यांच्या कामात खोडा घालणारं. डीएनएची रचनाही तेव्हा माहीत नव्हती.

पण एका वंशावर चालणारं जनुक दुसऱ्यावर चालेलच असं नाही. मर रोगाच्या फ्युझेरियमचे वंश कोणत्या कपाशीवर रोग येतो यावरून ठरवले गेले. भारतातल्या देशी कपाशीवरच्या बुरशीला १९६० मध्ये चौथा वंश म्हटलं गेलं. तो आपल्या भारी, चुनखडीच्या काळ्या जमिनीत देशी कपाशीला मारतो आणि अमेरिकन कपाशीला सहसा हात लावत नाही. अमेरिकेतला पहिला वंश नेमका उलटा: हलक्या रेताड, आम्लधर्मी जमिनीत, आणि बहुतेक वेळा मुळाला गाठी करणाऱ्या सूत्रकृमींच्या साथीने. सूत्रकृमी मुळात भोक पाडतात, बुरशी त्यातून शिरते. हे नातं अ‍ॅटकिन्सन यांनी अलाबामात १८९२ मध्येच नोंदवलं होतं. म्हणून तिथे सूत्रकृमीला प्रतिकारक वाण लावला तरी मर कमी होते, बुरशीविरुद्ध एकही जनुक न बदलता. पुढे २००१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सॅन होकिन खोऱ्यात पिमा कपाशी, म्हणजे लांब धाग्याची वेगळी जात, वाळायला लागली. कारण निघाला चौथा वंश, ज्याला सूत्रकृमींची मदत लागत नाही. पिमाच्या काही वाणांत प्रतिकार सापडला आणि तोच तिथे आधार ठरला.

व्हर्टिसिलियमची चिंता महाराष्ट्रात कमी आहे, कारण तिला थंड जमीन लागते. जमीन तापली की बुरशी मंदावते आणि झाडात तो जालीम माल लवकर तयार होतो. विदर्भ-मराठवाड्याच्या खरिपाला उन्हाचा हा एवढा तरी फायदा.

जनुक बदलून काय होऊ शकतं याचीही थोडी कल्पना देतो. मायक्रोआरएनएची वर सांगितलेली वाट उलटी वापरून कपाशीत असा आरएनए तयार करता येतो जो बुरशीचं एखादं जरुरी जनुक बंद करेल. व्हर्टिसिलियमच्या बाबतीत हे प्रयोगात जमलं आहे. डेल्टा-कॅडिनिन सिंथेजवरचं सगळ्यात गाजलेलं काम मात्र रोगासाठी झालेलंच नाही. टेक्सासात कीर्ती राठोड यांनी २००६ मध्ये हे विकर फक्त सरकीत बंद केलं, म्हणजे सरकी खाण्याजोगी झाली. पानं, मुळं, खोडात गॉसिपॉल तसंच राहिलं, म्हणजे झाडाचा बचाव शाबूत. २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न खात्याने त्या सरकीला खाण्यासाठी हिरवा कंदील दिला. पूर्वीच्या 'ग्रंथीविरहित' कपाशीत गॉसिपॉल सगळ्याच झाडातून गेलं होतं आणि अळ्यांनी ती फस्त केली. विकर तेच, पण कुठे बंद करायचं हे ठरवण्यात सगळं कौशल्य होतं.

मर रोगासाठी मात्र आजही पैदासकाराचं मुख्य हत्यार जुनंच आहे: मुद्दाम बुरशीने भरून ठेवलेला 'सिक प्लॉट'. दरवर्षी त्यात रोगट पऱ्हाट्यांचा चुरा गाडायचा, वाण लावायचे, आणि कोण उभं राहतं ते मोजायचं. आता त्या जोडीला डीएनएच्या खुणा पाहून रोपं आधी चाळता येतात, एवढी सोय झाली. अक्षरांची यादी कितीही लांब असली तरी त्या प्लॉटात वाळलेला वाण बाद होतो.

तुमच्या वावरातलं खोड अजून चिरलं नसेल तर आधी ते चिरा. आत पांढरं निघालं तर पाणी काढून द्या, सऱ्या मोकळ्या करा, झाडाच्या बुडाशी माती हलकी दाबा आणि जनुकांचा विचार सोडा. देशी कपाशीत तपकिरी रेघ निघाली तर पुढच्या वर्षी तिथे मर सोसणारा देशी वाण किंवा ज्वारी. आणि अमेरिकन संकरित वाणाच्या खोडात तशी रेघ निघाली, तर ते झाड मुळासकट कागदात गुंडाळून, ओलं प्लास्टिक न लावता, त्याच आठवड्यात जवळच्या कृषी विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात नेऊन द्या. तो नमुना त्यांना तुमच्यापेक्षा जास्त हवा असेल.